वाचकांचे प्रश्न : आकड्यामागची प्रश्नावली

घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्या आणि त्यांच्या आधारे होणारे आर्थिक व सामाजिक संशोधन या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतून या वेळच्या सदरासाठी काही प्रश्न निवडले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : देशात कोट्यवधी कुटुंबे असताना पाहणी दोन-अडीच लाख कुटुंबांचीच होते. आमच्या घरी किंवा ओळखीतल्या कोणाच्याही घरी आजवर कोणी माहिती विचारायला आलेले नाही. अशा पाहणीवरून साऱ्या देशाची गरिबी आणि बेकारी सांगितली जाते. तिच्यावर विश्वास कसा ठेवावा?

उत्तर : ही शंका पाहणीच्या शास्त्राइतकीच जुनी आहे. नॉर्वेच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख आंडर्स कियेर यांनी १८९५ साली बर्न येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या अधिवेशनात असे मांडले, की प्रत्येकाची गणना न करता नीट निवडलेल्या थोड्या लोकांवरूनही समाजाचे विश्वसनीय चित्र मिळू शकते. तेव्हा नामवंत संख्याशास्त्रज्ञांनी त्यांना कडाडून विरोध केला होता. त्यानंतरच्या काळातला एक दाखला तुमच्या शंकेला थेट उत्तर देतो. इंग्लंडमधील यॉर्क या शहरात समाजसंशोधक सीबोम राउंट्री यांनी १८९९ साली कामगारवर्गातील ११,५६० कुटुंबांची, म्हणजे जवळजवळ प्रत्येक कामगार कुटुंबाची, माहिती घेतली होती. १९३६ साली त्यांनी याच शहराची पुन्हा पाहणी केली आणि तीही घर न् घर धरून केली. मात्र या वेळी सगळे कागद हाताशी असल्यामुळे त्यांनी एक पडताळणीही केली. दर दहावे घर, दर विसावे घर अशा रीतीने त्याच कागदांतून नमुने वेगळे काढले आणि त्यांवरून निघणारी उत्तरे संपूर्ण गणनेच्या उत्तरांशी ताडून पाहिली. मुख्य आकड्यांमधला फरक इतका थोडा निघाला, की सगळी घरे पालथी घालण्याची गरज होती का, असाच प्रश्न पडावा.

यामागचे गणित असे आहे. नमुन्यातून येणारी चूक ही नमुन्यात किती कुटुंबे आहेत यावर अवलंबून असते. देशात एकूण किती कुटुंबे आहेत याच्याशी तिचा संबंध जवळजवळ नसतो. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणाच्याही मर्जीवर न सोडता, निवडलेल्या हजार कुटुंबांवरून एखादे प्रमाण काढले तर ते साधारण तीन टक्के-बिंदूंनी इकडे-तिकडे असू शकते, म्हणजे ५० टक्के निघाले तर खरे प्रमाण ४७ ते ५३ टक्क्यांच्या दरम्यान असू शकते. चार हजार कुटुंबे घेतली तर ही मर्यादा निम्म्यावर, म्हणजे दीड टक्के-बिंदूंवर येते. नमुना चौपट केला की चूक निम्मी होते, असा हा हिशेब आहे. प्रत्यक्षात एकाच गावातील किंवा वस्तीतील काही घरे एकत्र निवडली जातात आणि शेजारी-शेजारी राहणारी माणसे बऱ्याच बाबतींत सारखी असतात, म्हणून नमुना या हिशेबापेक्षा मोठा घ्यावा लागतो. शिवाय संपूर्ण देशाचे उत्तर पुरेसे अचूक आले म्हणून त्याच पाहणीतून एका जिल्ह्याचे उत्तरही तितकेच अचूक येईल, असे नाही. त्या जिल्ह्यातील घरे नमुन्यात मोजकीच असतील, तर तेथील आकडा फार जपून वापरावा लागतो, आणि वर्तमानपत्रांतील जिल्हावार तुलना वाचताना हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे.

तरीही माझ्या मते, नमुना किती मोठा आहे यापेक्षा तो कसा निवडला हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. चांगल्या पाहणीत प्रगणक प्रथम निवडलेल्या वस्तीतील सर्व घरांची यादी करतो, त्या यादीतून ठरलेल्या नियमाने घरे निवडली जातात, आणि निवडलेले घर बंद आढळले तर तो आपल्या मर्जीने शेजारच्या घरात जाऊ शकत नाही. दिवसभर बंद असणारी घरे बहुधा कामावर जाणाऱ्यांची असतात. त्यांच्या जागी उघडी घरे घेतली, तर बेकारीचे प्रमाण आपोआप वाढलेले दिसेल. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी भारतातील नमुना पाहण्यांची घडी बसवताना आणखी एक तपासणी रूढ केली. एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र उपनमुने घ्यायचे, त्यांचे काम वेगवेगळ्या चमूंकडे द्यायचे आणि दोन्हींची उत्तरे शेजारी-शेजारी मांडायची. त्यांत मोठी तफावत दिसली तर गडबड कुठे तरी आहे, हे पाहणी करणाऱ्यालाच प्रथम कळते. १९५० साली सुरू झालेली भारताची राष्ट्रीय नमुना पाहणी जगभर आदराने पाहिली गेली, त्यामागे ही शिस्त होती.

प्रश्न : मी अर्थशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतील दारिद्र्याचे आकडे आधीच्या वर्षांशी जुळवू नयेत, असे आमच्या प्राध्यापकांनी सांगितले. केवळ प्रश्न विचारण्याची पद्धत बदलल्याने गरिबांची संख्या इतकी बदलू शकते का?

उत्तर : बदलू शकते, आणि कुटुंब पाहणीच्या डेटावर काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळापासून समजून घ्यावे, असे मला वाटते. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कुटुंबाचा खर्च विचारताना ‘किती काळातला’ हे ठरवावे लागते. मागील सात दिवसांत तेलावर किती खर्च झाला आणि मागील तीस दिवसांत किती झाला, या दोन प्रश्नांची उत्तरे एका प्रमाणात यायला हवीत. ती तशी येत नाहीत. महिन्याचा हिशेब देताना माणूस लहानसहान खरेदी विसरतो. याउलट, आठवड्याचा हिशेब देताना नऊ-दहा दिवसांपूर्वीची मोठी खरेदीही त्या आठवड्यात धरण्याकडे त्याचा कल होतो. दोन्ही परिणामांमुळे सात दिवसांच्या प्रश्नावरून काढलेला मासिक खर्च तीस दिवसांच्या प्रश्नावरून काढलेल्या खर्चापेक्षा जास्त भरतो. यांपैकी कोणता काळ सत्याच्या जवळ, हे पाहण्यासाठी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पश्चिम बंगालमध्ये घरातील तांदूळ प्रत्यक्ष वजन करून लोकांनी सांगितलेल्या आकड्यांशी ताडण्यात आला होता. त्यात महिन्याचा हिशेब वजनाशी अधिक जुळला आणि आठवड्याचा हिशेब फुगलेला निघाला. म्हणून भारतात पुढे अनेक दशके तीस दिवसांचीच पद्धत कायम राहिली.

मात्र जगातील बऱ्याच देशांत अन्नखर्चासाठी आठवड्याचा काळ वापरला जात होता आणि भारतातही तो वापरावा, अशी मागणी होऊ लागली. म्हणून १९९० च्या दशकात, राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५१ ते ५४ या फेऱ्यांमध्ये, काही कुटुंबांना जुनी तीस दिवसांची प्रश्नावली आणि काहींना नवी प्रश्नावली देण्यात आली. नव्या प्रश्नावलीत अन्नासाठी सात दिवस, आणि कपडे, पादत्राणे, टिकाऊ वस्तू, शिक्षण अशा क्वचित होणाऱ्या खर्चांसाठी वर्षभराचा काळ धरला होता. कोणत्या कुटुंबाला कोणती प्रश्नावली मिळेल हे यादृच्छिक पद्धतीने ठरले होते, म्हणजेच दोन गटांत राहणीमानाचा फरक असण्याचे कारण नव्हते. तरीही नव्या प्रश्नावलीप्रमाणे दारिद्र्यरेषेखालील लोक जुन्या प्रश्नावलीच्या जवळजवळ निम्मे निघाले. त्याच देशातील, त्याच काळातील, त्याच प्रकारच्या कुटुंबांबद्दल ही दोन उत्तरे होती.

यानंतर १९९९-२००० ची ५५ वी फेरी आली. तिच्यात तडजोड म्हणून अन्न, पान, तंबाखू आणि मादक पदार्थ यांच्यासाठी सात दिवस आणि तीस दिवस हे दोन्ही रकाने एकाच प्रश्नावलीत शेजारी-शेजारी ठेवले गेले. घोटाळा इथेच झाला. एकाच व्यक्तीला, एकाच बैठकीत, एकाच वस्तूचा आठवड्याचा आणि महिन्याचा खर्च विचारला, की ती दोन्ही उत्तरे मनातल्या मनात जुळवून घेते, आणि ती जुळली नाहीत तर प्रगणकही पुन्हा विचारतो. त्यामुळे तीस दिवसांचा आकडा एकट्याने विचारला असता तर जितका आला असता, त्याहून तो वर ओढला गेला. शिवाय क्वचित होणाऱ्या खर्चासाठी या वेळी फक्त वर्षभराचा काळ ठेवला होता. गरीब घरात एखाद्या महिन्यात कपड्यांचा खर्च शून्य असतो, पण वर्षभरात काहीतरी खरेदी झालेलीच असते. वर्षाचा हिशेब धरला की तळाच्या कुटुंबांचा खर्च थोडा वाढतो आणि त्यांतील काही दारिद्र्यरेषेच्या वर सरकतात. नियोजन आयोगाच्या आकड्यांनुसार १९९३-९४ मध्ये सुमारे ३६ टक्के असलेले दारिद्र्य १९९९-२००० मध्ये सुमारे २६ टक्के झाले. यातील किती घट लोकांच्या राहणीमानामुळे आणि किती प्रश्नावलीमुळे, यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालला. तो वाद उदारीकरणाच्या यशापयशाचाही होता, म्हणून त्याला एवढी धार आली.

या गुंत्यातून वाट काढण्यासाठी अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी योजलेली युक्ती विद्यार्थ्यांनी अभ्यासावी अशी आहे. इंधनासारख्या काही बाबी दोन्ही पाहण्यांत तीस दिवसांच्याच पद्धतीने विचारल्या होत्या, म्हणजे त्यांचे आकडे बिघडलेले नव्हते. या बाबींवरील खर्च आणि कुटुंबाचा एकूण खर्च यांच्यातील नाते १९९३-९४ च्या पाहणीवरून ठरवायचे आणि त्या नात्याच्या आधारे १९९९-२००० मध्ये किती लोक दारिद्र्यरेषेखाली असतील याचा अंदाज करायचा, अशी ती रीत आहे. त्यांच्या हिशेबाप्रमाणे घटीचा बराचसा भाग खरा होता, मात्र सरकारी आकडा थोडा जास्त आशावादी होता. अर्थतज्ज्ञ अभिजित सेन आणि हिमांशू यांनी केलेल्या हिशेबात ही घट आणखी कमी निघाली. एकाच डेटावर काम करणाऱ्या, एकमेकांचा आदर करणाऱ्या अभ्यासकांत असा मतभेद राहू शकतो, याचे कारण ते नाते मधल्या सहा वर्षांत बदलले नसेल, हे गृहीत धरावे की नाही, यावर एकमत होऊ शकत नाही.

हा अनुभव एकट्या भारताचा नाही. टांझानियात २००७-०८ मध्ये संशोधकांनी सुमारे चार हजार कुटुंबांवर आठ वेगवेगळ्या पद्धतींचा प्रयोग केला. कोणाला रोजची खर्चवही दिली, कोणाला लांब यादी वाचून दाखवली, कोणाला मोजक्या बाबी विचारल्या, कोणाला सात दिवसांचा आणि कोणाला चौदा दिवसांचा हिशेब विचारला. दारिद्र्याचे प्रमाण पद्धतीगणिक लक्षणीय बदलले. भारताच्या २०२२-२३ च्या खर्च पाहणीतही वस्तूंची यादी ३४७ वरून ४०५ वर गेली, आणि एका भेटीऐवजी तीन महिन्यांत तीन भेटी देऊन माहिती घेतली गेली. उत्तरदाता थकत नसल्यामुळे ही पद्धत अधिक चांगली असावी, असे मला वाटते. मात्र नेमकी याच कारणाने २०११-१२ शी तिची सरळ तुलना करणे अवघड झाले आहे. मधल्या काळातील २०१७-१८ च्या पाहणीचा अहवाल सरकारने डेटाच्या गुणवत्तेचे कारण देऊन प्रसिद्धच केला नाही, आणि त्यामुळे मधली कडीही निखळली. ज्या पाहणीचे निष्कर्ष शंकास्पद वाटतात तिचा डेटा अभ्यासकांसमोर ठेवावा आणि त्यांनी तो तपासावा, हेच अधिक योग्य ठरले असते. ५५ व्या फेरीबद्दल आपण आज इतके नेमकेपणाने बोलू शकतो, कारण तिचा डेटा दोषांसकट उपलब्ध झाला.

तुमच्यासाठी सल्ला इतकाच, की डेटाची फाइल उघडण्यापूर्वी त्या पाहणीची प्रश्नावली आणि प्रगणकांना दिलेले सूचनापुस्तक पूर्ण वाचा. तक्त्यातील स्तंभाचे नाव दोन पाहण्यांत सारखे असले, तरी त्यामागचा प्रश्न सारखा असेलच असे नाही.

प्रश्न : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात आता दर हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया आहेत. मुलींच्या जन्मावर आपल्याकडे इतका अन्याय होत असताना हे कसे शक्य आहे?

उत्तर : २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हा आकडा आहे, आणि ‘देशात प्रथमच स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक’ असा त्याचा मथळा झाला. तो आकडा ज्या प्रश्नातून आला तो मात्र असा आहे : काल रात्री या घरात कोण-कोण झोपले होते? कामासाठी दुसरीकडे गेलेला आणि बांधकामाच्या जागी, कारखान्याच्या आवारात किंवा अनेकांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहणारा पुरुष त्याच्या घरी मोजला जात नाही, आणि जिथे तो राहतो तिथेही बऱ्याचदा सुटतो. वसतिगृहे, सैन्याच्या बराकी, तुरुंग ही ठिकाणे तर कुटुंब पाहणीच्या कक्षेतच येत नाहीत आणि तेथे राहणाऱ्यांत पुरुष अधिक असतात. याच पाहणीत ग्रामीण भागाचा आकडा १,०३७ आणि शहरी भागाचा ९८५ आहे. गावांतून पुरुष बाहेर पडतात, हेच त्या फरकात दिसते. आपल्याला ज्याची काळजी आहे त्यासाठी आधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या बालकांचे प्रमाण पाहावे. ते दर हजार मुलग्यांमागे ९२९ मुली इतके आहे. निसर्गतः ते साधारण ९५० च्या आसपास असते. चौथ्या पाहणीतील ९१९ पेक्षा ते सुधारले आहे, परंतु अन्याय संपला असे सांगणारा आकडा तो नव्हे. एकूण लोकसंख्येतील स्त्री-पुरुष प्रमाणासाठी जनगणनेला पर्याय नाही.

प्रश्न : लोकांचे उत्पन्न विचारण्याऐवजी खर्च का विचारतात? खर्च कमी म्हणजे गरीब, असे कसे म्हणता येईल?

उत्तर : ज्या देशांत बहुसंख्य लोक पगारदार आहेत तेथे उत्पन्नच विचारतात. शेती किंवा छोटा धंदा करणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न मात्र हंगामावर हेलकावे खाते, त्यातून बियाणे, मजुरी, भाडे वजा करावे लागते, आणि घरचाच माल घरी खाल्ला जातो, त्याची किंमत कोणी लिहून ठेवत नाही. वाईट वर्षीही कुटुंब साठवणीतून किंवा उसनवारीतून खाण्यापिण्याचा खर्च शक्य तितका टिकवते, म्हणून खर्चावरून दीर्घकाळाचे राहणीमान अधिक चांगले कळते. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चावरून दाखवले, की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. जगभरच्या पाहण्यांत हा नियम आजही दिसून येतो आणि खर्चाच्या डेटाची पहिली तपासणी म्हणूनही तो उपयोगी पडतो. तुमचा आक्षेप मात्र एका बाबतीत खरा आहे. उपचार परवडत नाहीत म्हणून ज्याने ते घेतलेच नाहीत त्याचा खर्च कमी दिसतो, आणि कर्ज काढून ज्याने शस्त्रक्रिया करून घेतली तो खर्चाच्या यादीत सुखवस्तू दिसतो. म्हणून आजारपणावरील मोठा खर्च एकूण खर्चात धरावा की नाही, हे संशोधकाने स्पष्ट सांगितले पाहिजे.

श्रीमंतांच्या बाबतीत ही पद्धत लंगडी पडते, हेही सांगितले पाहिजे. अतिश्रीमंत घरे नमुन्यात क्वचितच येतात आणि आली तरी दार उघडत नाहीत. पाहणीतून काढलेली विषमता त्यामुळे बहुधा प्रत्यक्षाहून कमीच असते.

प्रश्न : पाहणीच्या डेटात प्रत्येक कुटुंबापुढे एक ‘गुणक’ दिलेला असतो. सरासरी काढताना तो वापरलाच पाहिजे का?

उत्तर : देशाची किंवा राज्याची सरासरी सांगायची असेल तर वापरलाच पाहिजे. समजा, १०,००० कुटुंबांच्या वस्तीतून दहा कुटुंबे घेतली आणि ५०० कुटुंबांच्या वस्तीतूनही दहाच घेतली. पहिल्या वस्तीतील प्रत्येक कुटुंब हजार कुटुंबांच्या वतीने बोलते, दुसऱ्या वस्तीतील पन्नासांच्या वतीने. हजार आणि पन्नास हेच त्यांचे गुणक. गुणक न लावता सरासरी काढली, तर लहान वस्तीला वीसपट वजन मिळते. आणखी एक चूक नवख्या अभ्यासकांच्या हातून सर्रास होते. गरीब कुटुंबांचे प्रमाण आणि गरीब माणसांचे प्रमाण हे दोन वेगळे आकडे आहेत. गरीब कुटुंबे सहसा मोठी असतात, म्हणून माणसे मोजायची असतील तर गुणकाला कुटुंबातील व्यक्तींच्या संख्येने गुणावे लागते.

प्रश्न : पाहणीत घरातील एकच व्यक्ती, बहुधा कुटुंबप्रमुख, सगळ्यांच्या वतीने उत्तरे देते. मग घरातल्या बायकांची खरी स्थिती संशोधकांना कळते तरी कशी?

उत्तर : बऱ्याचदा कळत नाही, आणि ही या सगळ्या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव आहे, असे मी मानतो. एकूण खर्च भागिले माणसे असा हिशेब केला, की घरातील प्रत्येकाला सारखा वाटा मिळतो, असे आपण गृहीत धरून मोकळे होतो. कोणाच्या ताटात काय पडले, औषधासाठी पैसे कोणाला मागावे लागले, हे त्या भागाकारात दिसत नाही.

कामाच्या मोजणीत तर याचा मोठा फटका बसतो. ‘या घरातील स्त्री काय करते?’ या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर पुरुष सहज देतो. राष्ट्रीय नमुना पाहणीत फक्त घरकाम करणाऱ्यांसाठी ९२ हा संकेतांक आहे, आणि घरकामाबरोबर सरपण, चारा गोळा करणे, घरच्यासाठी शिवणकाम वा विणकाम करणे अशी कामेही करणाऱ्यांसाठी ९३. हे दोन्ही संकेतांक श्रमशक्तीच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या लोकांच्या, बाहेर धरले जातात. प्रगणकाने एक जास्तीचा प्रश्न विचारला, जनावरांची देखभाल कोण करते, दूध कोण विकते, तर यांतल्या कित्येक स्त्रिया काम करणाऱ्यांत मोडतील. स्त्रियांच्या श्रमसहभागातील चढउतारांवर लिहिताना हा जास्तीचा प्रश्न कोणत्या वर्षी विचारला गेला आणि कोणत्या वर्षी नाही, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

यावर उपाय झाले आहेत. २०१९ च्या भारतीय वेळ-वापर पाहणीत पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासांत विभागून सहा वर्षे व त्यावरील प्रत्येक सदस्याने त्या वेळात काय केले ते लिहिले गेले. बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्यांत स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ त्यात गेल्याचे त्यातून दिसले. ‘घरीच असते’ या उत्तरामागे रोजचे पाच तास आहेत. कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांची मुलाखत थेट त्यांच्याशीच होते. घरातील हिंसेबद्दलचे प्रश्न एका घरातील एकाच स्त्रीला आणि एकांत मिळाला तरच विचारले जातात. मध्येच कोणी आले तर विषय बदलायचा किंवा तो भाग सोडून द्यायचा, अशी सूचना असते. आकडा अपुरा राहिला तरी चालेल, पण उत्तर दिल्यामुळे त्या बाईला मार बसता कामा नये. संशोधनाच्या नीतिमत्तेचा याहून स्वच्छ नियम मला माहीत नाही.

प्रश्न : दर वेळी नवी कुटुंबे निवडण्याऐवजी त्याच कुटुंबांकडे पुन्हा-पुन्हा जाणे अधिक चांगले नाही का?

उत्तर : काही प्रश्नांसाठी ते अनिवार्यच आहे. दारिद्र्याचे प्रमाण दहा वर्षे २० टक्केच राहिले, याचे दोन अगदी वेगळे अर्थ होऊ शकतात : तीच माणसे कायम गरीब राहिली, किंवा निम्मी वर आली आणि तितकीच दुसरी खाली घसरली. सरकारने काय करावे, हे या दोन्हींत वेगळे ठरेल. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९६८ साली सुमारे पाच हजार कुटुंबांपासून सुरू केलेली पाहणी आजही चालू आहे. मुले मोठी होऊन वेगळी झाली की त्यांच्या नव्या घरांचाही ती पाठपुरावा करते. भारतात हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने १९७५ पासून महबूबनगर, सोलापूर आणि अकोला या जिल्ह्यांतील सहा गावांत प्रत्येकी चाळीस कुटुंबांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यात भूमिहीन, लहान, मध्यम आणि मोठे शेतकरी अशी दहा-दहा कुटुंबे होती, आणि माहिती घेणारा गावातच राहत असे. सोलापूरचे शिरापूर, अकोल्याचे कान्झरा आणि महबूबनगरचे औरेपल्ली या गावांच्या डेटावरून अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाऊनसेंड यांनी १९९४ मध्ये दाखवले, की एका कुटुंबाचे उत्पन्न बुडाले तरी त्याचा उपभोग त्या प्रमाणात पडत नाही, तो गावाच्या सरासरीबरोबर हलतो. म्हणजे देवाणघेवाणीतून गाव एकमेकांची जोखीम बऱ्याच अंशी वाटून घेते. तीनपैकी एका गावात मात्र हे संरक्षण भूमिहीनांना कमी मिळते, असेही त्यात आढळले. जागतिक विकासाच्या चर्चेत या तीन गावांची नावे आजही घेतली जातात, याचे मला फार अप्रूप वाटते.

अडचण गळतीची आहे. माणसे स्थलांतर करतात आणि पाहणीतून निसटतात, आणि निसटणारे हे उरलेल्यांसारखे नसतात. टांझानियाच्या कागेरा भागात १९९१-९४ मध्ये पाहिलेल्या ९१५ कुटुंबांचा संशोधकांनी २००४ साली गाव सोडून, सीमा ओलांडून शोध घेतला आणि त्यांपैकी ९३ टक्के कुटुंबांपर्यंत ते पोहोचले. गाव सोडून गेलेल्यांच्या उपभोगातील वाढ तिथेच राहिलेल्यांपेक्षा ३६ टक्के-बिंदूंनी अधिक होती. संशोधक केवळ जुन्या पत्त्यांवर जाऊन थांबले असते, तर या प्रदेशात फारशी प्रगती झालीच नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले असते आणि ते चुकीचे ठरले असते.

प्रश्न : आमच्या घरी पाहणीसाठी माणसे आली आणि खर्च, दागिने, कर्ज असे सगळे विचारू लागली. ही माहिती कर खात्याकडे जाईल या भीतीने आम्ही नकार दिला. आमचे चुकले का?

उत्तर : अनोळखी माणसाने घरात येऊन असे प्रश्न विचारले की भीती वाटणे स्वाभाविक आहे. सरकारी पाहणीत गोळा केलेली माहिती भारताच्या २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याप्रमाणे केवळ सांख्यिकीच्या कामासाठी वापरता येते आणि माहिती देणाऱ्याची ओळख उघड करता येत नाही. अभ्यासकांना मिळणाऱ्या फाइलमध्ये नाव नसते, पत्ता नसतो, घराच्या जागी एक क्रमांक असतो.

पुन्हा कोणी आले तर ओळखपत्र आणि कार्यालयाचे पत्र दाखवायला सांगावे, कोणती संस्था कशासाठी पाहणी करते आहे ते विचारावे, आणि वेळ सोयीची नसेल तर दुसरा दिवस द्यावा. प्रगणक पुन्हा येतो, ते त्याच्या कामातच धरलेले असते. खर्चाबद्दल बोलताना घरात स्वयंपाकाचे आणि बाजाराचे पाहणाऱ्या व्यक्तीला शेजारी बसवावे, कारण तेलाचा हिशेब तिला ठाऊक असतो आणि विम्याच्या हप्त्याचा कदाचित दुसऱ्या कोणाला. एखादी गोष्ट आठवत नसेल तर तसे सांगावे. प्रगणकाने आग्रह धरला म्हणून अंदाजपंचे आकडा सांगितला, तर तो फाइलमध्ये खऱ्या आकड्यांसारखाच दिसतो, आणि पुढे कोणाही अभ्यासकाला तो वेगळा ओळखता येत नाही.